पाहुणा तुकडा

लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईने शेजारणीला दबक्या आवाजात सांगितलं होतं, "मुलगी गुणाची आहे हो. फक्त काम काय करते ते विचारू नका. माणसांचे तुकडे कापते." शेजारणीचा हात तोंडावर गेला. आईने घाईघाईने पुस्ती जोडली, "इस्पितळात. नोकरी कायमची आहे." मग शेजारणीचा हात खाली आला. कायमच्या नोकरीपुढे तुकड्यांचं काय एवढं!

ती माझी वहिनी. पहिली काही वर्षं मी तिच्याशी नणंदेच्या धर्माला जागून वागले, म्हणजे तिच्या प्रत्येक गोष्टीत खोड काढली. पण जिच्यात खोड काढायची ती भांडायला तरी उठली पाहिजे ना! ही कामावरून यायची तीच इतकी दमलेली, की मी चार शब्द टाकून बोलले तरी "बरं वन्सं" म्हणून पाय धुवायला जायची. शेवटी मीच कंटाळले. आई गेली, माझं लग्न राहिलं ते राहिलंच, आणि घरात आम्ही तिघं उरलो. दादा, वहिनी आणि मी.

ती नेमकं काय करते ते मला कळायला बरीच वर्षं लागली. डॉक्टर कुणाच्या तरी अंगातून गाठीचा, आतड्याचा, कातडीचा तुकडा काढतात, तो तिच्या खोलीत येतो. आधी मशीनमध्ये त्यातलं पाणी काढून टाकतात, मग वितळलेल्या मेणात घालून त्याची वडी पाडतात. बर्फावर गार केलेली वडी वहिनी कापायच्या यंत्रात बसवते, उजव्या हाताने चाक फिरवते आणि पात्यावरून मेणाची पट्टी सुटत येते. इतकी पातळ, की जोरात श्वास सोडला तर उडून जाईल. ती पट्टी कोमट पाण्याच्या पसरट भांड्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की काचेवर उचलायची आणि रंगवायची. मग काच त्यांच्या खात्याच्या डॉक्टर मॅडमकडे जाते. मॅडम भिंगातून बघतात आणि सांगतात, कुठला रोग आहे, आहे की नाही, आणि असला तर किती मुरलेला. पुढचे सगळे डॉक्टर, सगळी औषधं, सगळ्या सुऱ्या त्या एका काचेवर अवलंबून असतात.

वर्षानुवर्षं बर्फ आणि मेण हाताळून वहिनीच्या बोटांवरच्या रेषा इतक्या पुसट झाल्या आहेत की हजेरीचं मशीन तिचा अंगठा ओळखत नाही. रोज सकाळी ते म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. रोज ती करते. मागची रांग चुळबुळते आणि कुणीतरी म्हणतं, "आल्या मेणबाई." इस्पितळात तिला सगळे मेणबाईच म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. वाटून घ्यायला अंगात थोडी ताकद लागते.

माझं झेरॉक्सचं दुकान इस्पितळाच्या फाटकासमोरच आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, फायली, पेनं. येणारा प्रत्येक जण हातात रिपोर्ट घेऊन येतो आणि मशीन चालू असताना माझ्या तोंडाकडे बघतो. "ताई, काय लिहिलंय हो यात?" मी म्हणते, डॉक्टरांना विचारा. पण खरं सांगायचं तर इतके रिपोर्ट हाताखालून गेल्यावर आपल्यालाही त्यातलं कळतं, असा माझा समज होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी! कामावरून सुटली की वहिनी माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायची. "आज खूप होतं का?" "खूप." मग आम्ही शटर ओढून घरी जायचो. एवढंच आमचं बोलणं, आणि तेवढं पुरायचं.

तिच्या खोलीत एका चुकीला सगळे 'पाहुणा' म्हणतात. एका वडीची पट्टी पाण्यावर सोडली की तिचा एखादा कण कधीकधी पाण्यावरच तरंगत राहतो. पुढच्या माणसाची पट्टी त्याच पाण्यावर आली की तो कण तिला चिकटतो, तिच्याबरोबर काचेवर चढतो, आणि भिंगाखाली एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर दिसतो. बोलावलेलं नसताना आलेला, म्हणून पाहुणा. तो येऊ नये म्हणून प्रत्येक वडीनंतर पाण्यावरून कागद फिरवून घ्यायचा असतो, दुधावरची साय काढावी तसा. कामाचा ढीग पडला की भलेभले विसरतात. वहिनी विसरत नाही. तिच्या अख्ख्या नोकरीत तिच्या हातून पाहुणा आलेला नाही आणि या एका गोष्टीचा तिला ताठा आहे. एरवी गरीब गाय, पण यावर कुणी बोट ठेवलं तर शिंगं दिसतात.

आता दादा. दादा गाडी चालवायला शिकवतो. जन्मभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्याचा उजवा पाय सतत ब्रेक शोधत असतो. रिक्षात, बसमध्ये, घरी टीव्हीपुढे. वहिनीने भाजी चिरताना सुरी जरा जोरात चालवली तरी दादाचा पाय दाबला जायचा. हसरा माणूस. खोकला सुरू झाला तेव्हा म्हणाला, "पोरं क्लच जाळतात, तो धूर माझ्या नाकात जातो." आम्हीही मान डोलावली. खोकला कुणाला नसतो? पण तो जाईना आणि दादाचे सदरे खांद्यावरून ओघळायला लागले, तेव्हा वहिनीने त्याला ओढतच इस्पितळात नेलं.

छातीचा फोटो काढला. त्यात सावली निघाली. मग मोठ्या मशीनमध्ये घालून फुप्फुसाची पातळ पातळ आडवी चित्रं काढली. चित्रांच्या खात्यातले डॉक्टर अंधाऱ्या खोलीत बसून दिवसभर लोकांच्या आतल्या सावल्या बघतात, म्हणून मी त्यांना सावलीवाले म्हणते. तोंडावर अर्थात डॉक्टरसाहेब. त्यांनी आम्हा तिघांना पडद्यासमोर बसवलं.

"लहानपणी फुप्फुसाचं काही दुखणं झालं होतं का?" त्यांनी दादाला विचारलं.

"आई सांगायची, वर्षभर खाटेवर होतो म्हणून."

"मग हा त्याचाच जुना व्रण असावा. कडा तशाच आहेत. फक्त हे खालचं टोक मला जरा जाड वाटतंय."

"म्हणजे नक्की काय, डॉक्टरसाहेब?" मी मध्ये तोंड घातलं.

"म्हणजे सावली कुठे आहे, केवढी आहे, वाढली की तेवढीच आहे, ते मी सांगू शकतो. कशाची आहे ते तुकडा बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. माझं मत विचाराल तर जुना व्रण. पण माझ्या मतावर कुणी औषध देत नाही. देऊही नये."

मला तो माणूस आवडला. माझ्या दुकानात येणाऱ्यांना डॉक्टर इतकं सरळ काही सांगत नाहीत, किंवा सांगत असतील आणि माणसं घाबरून ऐकत नसतील.

मशीनमध्ये झोपवून, चित्र बघत बघत, त्यांनी दादाच्या पाठीतून लांब सुई आत घातली. तीन बारीक दोरे निघाले, शिवणाच्या दोऱ्याइतके जाड आणि नखाएवढे लांब. पण सुईने फुप्फुसाला भोक पडलं आणि हवा झिरपायला लागली. छातीत नळी घालून दादाला वॉर्डात निजवून ठेवावं लागलं. सावलीवाले स्वतः येऊन सांगून गेले, की असं होतं कधीकधी, भरून येईल, पण आता पुन्हा सुई घालायची नाही. हे फुप्फुस दुसऱ्यांदा सोसणार नाही.

ते तीन दोरे वहिनीच्या खोलीत आले. मॅडम तिला म्हणाल्या, "तू कापू नकोस, दुसऱ्याला दे." दुसरा म्हणजे तिच्या शेजारच्या यंत्रावरचा कामगार. वाईट नव्हता, पण त्याच्या कामाला फार उरक होता. एवढेसे दोरे तो मेणासकट छिलून टाकील, ही वहिनीला धास्ती. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या घरचं माणूस आहे, म्हणूनच मी." मॅडमनी मग अडवलं नाही. त्या संध्याकाळी वहिनी स्टुलावर येऊन बसली, "कापलं" म्हणाली, आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायला हवा होता. आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. माझं मशीन लोकांचे रिपोर्ट ओकत होतं आणि आमचाच अडकला होता. मग मॅडमनी वहिनीला सांगितलं, की घरचं आणखी एक माणूस घेऊन ये. मी दुकान तसंच टाकून गेले.

मॅडमच्या खोलीत सावलीवालेही बसले होते. टेबलावर भिंग, शेजारी काचांचा ट्रे, वर कुरकुरणारा पंखा. मॅडमनी मला खुर्ची दिली. वहिनी दाराजवळ उभीच राहिली. त्या खोलीत ती कधी बसत नसे.

"काचेवर तीन दोरे आहेत," मॅडम म्हणाल्या. "तिन्हींत जुना व्रण आहे, साहेबांना चित्रात दिसला तसाच. पण एका दोऱ्याच्या टोकाशी, थोडा बाजूला, एक कण आहे. त्या कणात कॅन्सर आहे."

मी वहिनीकडे बघितलं. ती मॅडमच्या हातातल्या पेनाकडे बघत होती.

"आता नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "तो कण दोऱ्याला जोडलेला दिसत नाही. मध्ये फट आहे. पट्टी पाण्यावर पसरताना टोक तुटून बाजूला सरकलं असेल, तर तो याच माणसाचा. नाहीतर..." त्यांनी वहिनीला विचारलं, "त्या सकाळी याच्या आधी कुठली वडी कापलीस?"

"फुप्फुसाचीच," वहिनी म्हणाली. "ऑपरेशनची. मोठी."

"त्यात कॅन्सर होता?"

"होता."

"म्हणजे पाहुणा!" मी ओरडलेच. त्या खोलीत कुणी असं ओरडत नसावं, पण मला त्या क्षणी नाचावंसं वाटत होतं. पाहुणा! कुणाचा तरी कॅन्सर तरंगत येऊन माझ्या भावाला चिकटला होता. ज्याचा त्याला लखलाभ. माणूस किती लवकर नीच होतो ते मला तेव्हा कळलं.

"असू शकतो," मॅडम म्हणाल्या. मग खाली बघत विचारलं, "मध्ये पाणी पुसलं होतंस?"

पंखा कुरकुरत राहिला. मग वहिनी म्हणाली, "पुसलं होतं."

"बघ, घरचं माणूस होतं," सावलीवाले हळूच म्हणाले. "मन थाऱ्यावर नसेल. थकलेलीही असशील. असं होतं."

त्यांनी दार सताड उघडं करून दिलं होतं. फक्त बाहेर पडायचं होतं.

"पुसलं होतं, साहेब," वहिनी म्हणाली.

मग त्या दोघांनी मला पेच समजावला. पाहुणा असेल तर काही न करता थांबणं, तीन महिन्यांनी पुन्हा चित्र काढणं, हेच शहाणपणाचं. उगाच विषारी औषधं कशाला घालायची? पण पाहुणा नसेल, तर थांबणं म्हणजे त्याला मोकळं रान देणं. पुन्हा सुई घालता येत नाही. राहता राहिली ती वडी. तिच्यात आणखी खोल कापायचं. आत तो कण दोऱ्याला जोडलेला सापडला, तर तो घरचाच. नाही सापडला, तर पाहुणा.

"मग कापा की!" मी म्हणाले.

"वडीत उरलंय किती?" मॅडम म्हणाल्या. "वडी एकदा यंत्रातून काढून पुन्हा बसवली की तिचा कोन तंतोतंत तोच येत नाही. पहिले काही फेरे नुसती पातळी करण्यात जातात, ते छिलके आम्ही टाकून देतो. त्यातच हे दोरे संपू शकतात. आणि कॅन्सर खराच निघाला, तर कोणतं औषध लागू पडेल याच्या तपासण्यांना हेच मांस लागणार आहे. शोधण्यात संपलं, तर उपचार ठरवायला काही उरणार नाही."

बाहेर जिन्यापाशी मी वहिनीला गाठलं आणि तोंड सोडलं. "तुला काय पदक देणार आहेत का? 'आठवत नाही' म्हणायला काय झालं होतं?"

"आठवतंय ना पण."

"मग विसर! नवरा मोठा की तुझा तो पाणी पुसायचा कागद?"

जिन्यावरून चढणारी माणसं थांबून बघायला लागली. वहिनी म्हणाली, "हळू बोला, वन्सं." मी हळू बोलले नाही. आईने शेजारणीला सांगितलेलं वाक्यसुद्धा मी तिच्या तोंडावर फेकलं. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "मी जाते, वड्या पडल्यात."

दादाला आम्ही पाहुण्याचं सांगितलं. म्हणजे मी सांगितलं, वहिनीने नुसती पाण्याची बाटली भरून ठेवली. दादाच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला. "चूक? हिची?" तो नळी सांभाळत उठून बसला. "अगं, ही इतकी वर्षं माझ्या चुका काढतेय. एकदा तरी हिची निघू दे. साऱ्या वॉर्डाला चहा पाजतो!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "मला बिनसाखरेचा." दोघं हसले. दादा हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता पुन्हा हसला. वहिनी बाटलीचं झाकण फिरवत होती. ते कधीच घट्ट बसलेलं होतं.

पुढचे दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. लोक देव पाण्यात घालून बसतात, मी पाण्यात पाहुणा होता असं मागत बसले होते. दुकानात एक बाई आईचा रिपोर्ट घेऊन आली. "ताई, काय लिहिलंय हो?" मी वाचलं. तोच शब्द होता. 'डॉक्टरांना विचारा' म्हणताना माझा आवाज फाटला आणि ती बाई जे समजायचं ते समजली.

वडी पुन्हा कापायचं ठरलं. कोण कापणार याची या वेळी चर्चा झालीच नाही. मॅडमनी मला खोलीबाहेरच्या बाकावर बसू दिलं. दाराला काच होती. मी बाकावर बसले नाही, काचेला नाक लावून उभी राहिले.

वहिनीने भांड्यातलं पाणी ओतून दिलं. भांडं घासलं, विसळलं, पुन्हा घासलं. नवं पाणी, नवं पातं. वडी बर्फावर ठेवली आणि नुसती बसून राहिली. मग ती यंत्रात बसवली आणि डोळा वडीच्या पातळीला आणून स्क्रू फिरवायला लागली. जरा इकडे, जरा तिकडे, पुन्हा इकडे. चाकाला हात लावायला तिला इतका वेळ लागला की उभं राहून माझे पाय भरून आले. शेजारचा कामगार त्याचं यंत्र बंद करून हात बांधून बसला होता. त्यालाही स्वतःचा श्वास मोठा वाटत असावा.

मग चाक फिरलं. जे पहिले छिलके ती रोज कुंचल्याने झटकून टाकते, ते तिने पाण्यावर उतरवले. अर्धवट, फाटके, चिंधीसारखे. प्रत्येक चिंधी काचेवर उचलली आणि काचा ओळीने मांडल्या. एकही वाया घालवली नाही. मी आजवर तिला काम करताना बघितलंच नव्हतं. घरी दमून आलेली बाई बघितली होती, ती कशाने दमते ते बघितलं नव्हतं.

चिंध्यांच्या पट्ट्या झाल्या. मग एका पट्टीपाशी ती वाकली. वाकलेलीच राहिली. चष्मा काढून पदराने पुसला, लावला, पुन्हा बघितलं. मला बाहेरून काहीच दिसत नव्हतं. फक्त तिचे खांदे दिसत होते, आणि ते खाली आले. मला वाटलं, आता ही उठेल. उठली नाही. पुढची पट्टी कापली, पाण्यावर सोडली, उचलली. त्याच्या पुढची. तिचा हात पहिल्यासारखाच चालत होता. बऱ्याच काचा झाल्यावर तिने वडी यंत्रातून काढली, उजेडात धरून आत अजून उरलंय ना ते बघितलं आणि मेणाने तिचं तोंड बंद केलं.

बाहेर येऊन ती बाकावर बसली. मीही बसले.

"जोडलेला आहे," ती म्हणाली. "दोऱ्यालाच आहे तो."

"मॅडमनी कुठे बघितलंय अजून?"

"रोग कुठला ते मॅडम वाचतील, वन्सं. पण जोडलंय की सुटं, ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. सगळ्या काचांवर जोडलेला आहे."

मला तिचा हात धरायचा होता, पण दोन दिवसांचं भांडण मध्ये होतं. तीच पुढे बोलली. "त्या दिवशी माझ्या तोंडात आलं होतं. 'आठवत नाही' असं. अगदी जिभेवर."

"मग?"

"मॅडमनी विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. साहेब समजूत घालत होते. तुमचे डोळे तर... सगळ्यांना एकच उत्तर हवं होतं. मलाही. मग मला भीती वाटली. इतक्या सगळ्यांना हवं असलेलं उत्तर देऊन बसलो आणि तीन महिने तो आत वाढत राहिला तर?"

बोलण्यासारखं जे होतं ते मी जिन्यावर बोलून बसले होते.

मॅडमनी काचा बघितल्या आणि तेच सांगितलं. सावलीवाल्यांनी चित्रं पुन्हा उघडली, सुई कुठून कुठवर गेली ते बघितलं. तिचं टोक नेमकं त्या खालच्या जाड भागात टेकलं होतं. "दोन्ही खरं निघालं," ते मला म्हणाले. "व्रण आहेच. त्याच्या आडोशाला हे बसलं होतं. चित्राने जागा दाखवली, तुकड्याने नाव सांगितलं." मग चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "मला वाटलं होतं, मी बरोबर निघेन." त्या दोघांच्याही चेहऱ्यावर मला तीच दमणूक दिसली जी मी रोज स्टुलावर बघत होते.

वहिनीने राखलेल्या काचा पुढच्या तपासणीला गेल्या आणि त्यांवरून गोळी ठरली. सरसकट सगळ्यांना देतात ती नव्हे, दादाच्या कॅन्सरला लागू पडणारी. ती तो अजून घेतो. केस पांढरे झालेत, दोन जिने चढला की बसतो, गाडी शिकवणं बंद झालं. पुढचं कुणी सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. दर काही महिन्यांनी चित्र निघतं, सावलीवाले जुन्या चित्राशेजारी नवं लावून बघतात, आणि तेवढ्या वेळात आम्ही तिघं म्हातारे होतो.

पण मला सांगायची ती मॅडमनी निकाल सांगितला त्या संध्याकाळची गोष्ट. दादाची नळी काढली होती आणि तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. आम्हाला बघून त्याने लांबूनच हाक मारली, "काय मग? चहा सांगायचा ना सगळ्यांना?"

मी वहिनीकडे बघितलं. वाटेत ठरलं होतं की मी सांगायचं. पण वहिनीच पुढे जाऊन त्याच्यासमोर खाटेच्या कडेला बसली.

"चूक नाही निघाली," ती म्हणाली.

दादाला कळायला एक क्षण लागला. शेजारचा म्हातारा कूस बदलून भिंतीकडे वळला.

"पुन्हा कापून बघितलं?"

"हो."

"काही गडबड नाही ना झाली? एवढासा तर तुकडा."

"नाही."

"कापलं कुणी?"

"मी."

दादाने तिचा हात हातात घेतला. तो गुळगुळीत अंगठा आपल्या बोटांनी चोळत राहिला. मग मान हलवत म्हणाला, "तू कापलंयस ना? मग खरंच असणार."

इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई तिथे, भरल्या वॉर्डात, मोठ्याने रडायला लागली. "अहो, असं नका ना म्हणू," ती म्हणत होती. "एकदा तरी म्हणा, तुझंच काहीतरी चुकलं असेल."

दादा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याने ते म्हटलं नाही.